प्रयोगशाळेतली बाटली आणि घरातली बाटली

प्रति,
घरगुती वापरातल्या रसायनांचे नियम, मर्यादा आणि लेबले ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ समित्यांचे सदस्य

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, गेली 27 वर्षे मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करते. द्रावणे तयार करायची, बाटल्या भरायच्या, लेबले लावायची, प्रॅक्टिकल संपले की सगळे मोजून पुन्हा कपाटात ठेवायचे, हे माझे काम. मी शास्त्रज्ञ नाही. पण रसायन कसे हाताळायचे ते माझ्या हातांच्या अंगवळणी पडले आहे. आमच्याकडे एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: लेबल नसलेली बाटली उघडायची नाही. आत नुसते पाणी असेल असे वाटले तरी नाही. प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, भरल्याची तारीख आणि लाल चौकटीतले धोक्याचे चिन्ह. नवा माल आला की सोबत 16 भागांची सेफ्टी डेटा शीट येते. डोळ्यात गेले तर काय करायचे, सांडले तर काय, कशाच्या शेजारी ठेवायचे नाही, मोरीत ओतायचे की नाही, सगळे त्यात असते. ती फाइलला लावल्याशिवाय मी खोका फोडत नाही.

हे नियम तुम्हीच केलेत आणि त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. इतक्या वर्षांत आमच्याकडे एकाही विद्यार्थ्याच्या डोळ्याला इजा झालेली नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच की, हे नियम आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशीच येऊन का थांबतात?

दीड वर्षापूर्वी तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहात आमच्या मावशी फरशी घासत होत्या. डाग निघेना, म्हणून त्यांनी आधी टॉयलेट क्लीनर ओतला. तरी निघेना, म्हणून त्यावर ब्लीच. नंतर त्या मला म्हणाल्या, "दोन्ही औषधं चांगली आहेत ना ताई, मग दोन्ही मिळून लवकर निघेल असं वाटलं." खिडकी बंद होती, दार लोटलेले होते. आरडाओरडा ऐकून मी खाली धावले तेव्हा मावशी बाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि एक उबळ संपून दुसरी येईपर्यंत श्वास घ्यायलाही उसंत मिळत नव्हती. वास मी जिन्यातच ओळखला होता. क्लोरिन. टॉयलेट क्लीनरमधले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ब्लीचमधले सोडियम हायपोक्लोराइट एकत्र आले की हाच वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधल्या इप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोही हाच. हवेपेक्षा तो जवळजवळ अडीच पट जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाच्या आधी तो खाली बसून फरशी घासणाऱ्याच्या छातीत जातो.

मावशींना दोन दिवस ऑक्सिजन लावावा लागला. खोकला पुढे कित्येक महिने गेला नाही. जिना चढताना त्या अजून मध्येच थांबतात आणि कठड्याला धरून उभ्या राहतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोन्ही बाटल्या वर आणून आमच्या बाटल्यांशेजारी टेबलावर ठेवल्या. पुढच्या बाजूला चकचकीत फरशी, एक फूल आणि 99.9 टक्के जंतू मारण्याची ग्वाही. मागच्या बाजूला, लेबलची दोन टोके जिथे चिकटवलेली असतात त्या सांध्यालगत, भिंगाशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत आणि मावशींना न वाचता येणाऱ्या भाषेत लिहिले होते: इतर क्लीनरसोबत मिसळू नये. का मिसळू नये, मिसळले तर काय होते, चुकून झालेच तर काय करावे, याबद्दल अवाक्षर नाही. घटकांच्या जागी तीनच गोष्टी: क्रियाशील घटक, सुगंध, रंग. हेच दोन पदार्थ मी वरच्या मजल्यावर वेगवेगळ्या कपाटांत ठेवते आणि गॉगल लावल्याशिवाय विद्यार्थ्याला त्यांना हात लावू देत नाही. एक जिना उतरला की तोच पदार्थ निनावी होतो.

चौकशी झाली. अहवालात एक ओळ आली: सफाई कर्मचाऱ्याने बाटलीवरील सूचना वाचल्या नाहीत. त्या ओळीमुळे मी हे पत्र लिहायला बसले.

क्लोरिन निदान वर्दी तरी देतो. नाक झोंबते, डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर पळतो. घरात येणारी बाकीची रसायने अशी वर्दी देत नाहीत. ती येतात प्लायवूडच्या डिंकातून, पडद्याच्या कापडातून, तव्याच्या थरातून, रंगाच्या पोपड्यातून, अत्तराच्या फवाऱ्यातून, पावतीच्या गुळगुळीत कागदातून. ती शरीरात शिरताना काहीच जाणवत नाही.

यातली एक गोष्ट मला फार जवळून ठाऊक आहे. 1998 साली मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि माझी लेक काही महिन्यांची होती. तिच्या दुधाची बाटली काचेसारख्या पारदर्शक, टणक प्लास्टिकची होती. पडली तरी फुटायची नाही, म्हणून मला मोठे कौतुक. रोज उकळायची, ब्रशने घासायची. काही महिन्यांत ती धुरकट झाली, आतून बारीक चरे पडले. मला वाटले, स्वच्छ ठेवल्याचीच ही खूण.

नेमके त्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलँडच्या विद्यापीठात पॅट्रिशिया हंट नावाच्या शास्त्रज्ञ उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. ज्या उंदरांना काहीच दिलेले नव्हते, नुसते तुलनेसाठी ठेवले होते, त्यांच्याच बीजांडांत अचानक बिघाड दिसू लागला. एरवी शंभरात एखाद्दुसऱ्या बीजांडात दिसणारा गुणसूत्रांच्या मांडणीचा दोष 40 टक्क्यांपर्यंत गेला. कारण शोधता शोधता गाडी पिंजऱ्यांपाशी येऊन थांबली. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेट या टणक, पारदर्शक प्लास्टिकच्या होत्या, आणि कोणीतरी चुकून त्या फरशीच्या जहाल साबणाने धुतल्या होत्या. प्लास्टिक धुरकट झाले होते, विरघळू लागले होते आणि ते ज्यापासून बनते ते बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे रसायन त्यातून पाझरत होते. हे संशोधन 2003 साली छापून आले. माझ्या वाचनात ते आणखी काही वर्षांनी आले, तेव्हा लेक शाळेत जात होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ती बाटलीही पॉलिकार्बोनेटचीच होती, आणि तिचे धुरकट होणे मी रोज डोळ्यांनी पाहिले होते.

लेक धडधाकट आहे. त्या बाटलीने तिचे काही बिघडवले असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण मला जे कळायला हवे होते ते कोणाला तरी माहीत होते की नाही? होते. बिस्फेनॉल-ए स्त्री-संप्रेरकासारखे वागते हे इंग्लंडमधल्या चार्ल्स डॉड्स यांनी 1936 सालीच दाखवले होते. टणक प्लास्टिक म्हणून त्याचा बोलबाला झाला तो पुढे 1950 च्या दशकात. म्हणजे दुधाच्या बाटलीत येण्याच्या कितीतरी आधी त्याची ओळख संप्रेरकासारखे रसायन म्हणून झालेली होती. युरोपने बाळांच्या बाटल्यांतून ते काढले 2011 साली.

आणि काढले म्हणजे काय केले? त्याच्या जागी त्याचे भावंड आणले. बिस्फेनॉल-एस, बिस्फेनॉल-एफ. रचना बरीचशी तीच, नाव वेगळे, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'बीपीए-मुक्त'. वीस वर्षांनी, 2018 साली, त्याच हंट यांच्या प्रयोगशाळेत पुन्हा उंदरांचे आकडे बिघडले. या वेळी पिंजरे वेगळ्या प्लास्टिकचे होते, आणि त्यातून पर्यायी बिस्फेनॉल झिरपत होते.

माझ्या मनात या पत्राचा गाभा हाच आहे. तुम्ही एका नावावर बंदी घालता, आणि बाजार दुसरे नाव घेऊन उभा राहतो. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून अमेरिकेत ब्रोमीनयुक्त 'ट्रिस' नावाचे रसायन लावत असत. आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी 1977 साली त्याच्या कर्करोगकारक असण्याची शक्यता मांडली. ते कपडे घालणाऱ्या मुलांच्या लघवीत त्या रसायनाचा अंश सापडला. बंदी आली. त्याची जागा क्लोरीनयुक्त ट्रिसने घेतली, आणि वर्षभरात तेही जनुकांत बदल घडवणारे निघाले. कपड्यांतून ते गेले खरे, पण 2011 साली संशोधकांनी बाळांच्या गाद्याबिद्यांतला फोम तपासला तेव्हा त्यात ते पुन्हा भेटले. न चिकटणाऱ्या भांड्यांच्या बाबतीतही हेच. तो थर बनवताना वापरले जाणारे पीएफओए हे रसायन अमेरिकेत पार्कर्सबर्गच्या परिसरात पिण्याच्या पाण्यात उतरले. सुमारे 69,000 लोकांचे रक्त तपासले गेले आणि नेमलेल्या शास्त्रज्ञांनी सहा आजारांशी त्याचा संभाव्य संबंध दाखवला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग त्यातच आहे. 2019 साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत पीएफओए आले. पण त्याच्या कुळात हजारो रसायने आहेत. कार्बन आणि फ्लोरीनचा तो बंध निसर्गात सहसा तुटत नाही, म्हणून तर त्यांना 'कायमची रसायने' म्हणतात. एकेक नाव घेऊन तुम्ही बंदी घालत बसलात तर किती पिढ्या लागतील याचा हिशेब कृपा करून एकदा मांडा.

तुमच्या कागदांवर एक वाक्य वारंवार येते: प्रमाण मर्यादेच्या आत आहे. मी रोज प्रमाण मोजते, त्यामुळे मर्यादेची किंमत मला कळते. विष मात्रेवर ठरते हे आमच्या पहिल्या प्रॅक्टिकललाच सांगितले जाते. पण ती मर्यादा ठरवली कोणी, आणि तेव्हा काय माहीत होते, हेही पाहायला नको का? शिशाचे उदाहरण घ्या. मुलाच्या रक्तात एक डेसिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम शिसे सापडले म्हणजे काळजी करायची, हा अमेरिकेतला आकडा 1960 च्या दशकात 60 होता. 1971 साली 40 झाला. 1975 साली 30, 1985 साली 25, 1991 साली 10, 2012 साली 5, 2021 साली 3.5. शिसे तेच होते आणि मुलांचे मेंदूही तेच होते. 1965 साली ज्या आईला 'मुलाच्या रक्तात 50 आहे, मर्यादेच्या आत आहे' असे सांगून घरी पाठवले असेल, तिला नंतर कोणी पत्र लिहिले का? आता जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही.

मुलांच्या बाबतीत शिसे फार कपटी आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवते. तिथे ते दशकानुदशके राहते, आणि मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की आईच्या हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेते. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते, खिडकीच्या चौकटीचा पोपडा खरवडते. अमेरिकेतल्या हर्बर्ट नीडलमन यांनी पहिली-दुसरीतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यातले शिसे मोजले आणि 1979 साली निष्कर्ष छापले. एकाही मुलाला विषबाधेची लक्षणे नव्हती. तरीही ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्ध्यांकाच्या चाचणीत मागे पडत होती, आणि वर्गात लक्ष लागत नाही अशी शिक्षकांची तक्रारही त्यांच्याबद्दलच अधिक होती. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. युनिसेफने 2020 साली सांगितले की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या, रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. रंगातले शिसे घातक आहे हे जगाला 1921 सालीच कळले होते. त्या वर्षी घरांच्या आतल्या रंगकामात पांढरे शिसे वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार झाला होता.

आणि पेट्रोल. 1923 साली शिसे मिसळलेले पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते मिश्रण बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, झटके येऊन गेले. 1925 साली सरकारने बोलावलेल्या बैठकीत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी बजावले की हे रस्त्यावर आणू नका. उद्योगाच्या बाजूने डॉ. रॉबर्ट केहो उभे होते. त्यांचे म्हणणे असे की, आधी अपाय सिद्ध करा, मग बघू. त्यांचे म्हणणे टिकले. अपाय दाखवायला लागणारी मोजमापे पुढची कित्येक दशके मुख्यतः त्यांच्याच हातात होती. मग क्लेअर पॅटरसन आले. ते पृथ्वीचे वय मोजायला निघाले होते, आणि 1956 साली 4.55 अब्ज वर्षे हा आकडा त्यांनी पक्का केला. ते करताना त्यांना दिसले की हवेत, धुळीत, माणसाच्या केसांत, प्रयोगशाळेतल्या पाण्यातही शिसे आहे, आणि त्याने त्यांची सगळी मोजणी बिघडते आहे. 1965 साली त्यांनी लिहिले की हे शिसे निसर्गाचे नाही, आपण पसरवलेले आहे. शेवटच्या देशातल्या, अल्जीरियातल्या, पंपांवरून ते पेट्रोल उतरले 2021 साली. मोजा: 98 वर्षे. 'आधी अपाय सिद्ध करा' या एका अटीने मुलांच्या तीन-चार पिढ्या खाल्ल्या.

ती अट आजही तुमच्या बऱ्याच नियमांच्या मुळाशी आहे. अमेरिकेने 1976 साली रसायनांचा कायदा केला तेव्हा आधीपासून वापरात असलेली सुमारे 62,000 रसायने तपासणी न करताच बाजारात राहू दिली. त्याच कायद्याखाली अ‍ॅस्बेस्टॉस या घातक तंतुमय खनिजावर घातलेली बंदी 1991 साली न्यायालयात टिकली नाही. युरोपने 2007 साली उलटा रस्ता धरला: माहिती नाही तर विक्री नाही. तोही कायदा अपुरा पडतो, पळवाटा आहेत, वर्षानुवर्षे मुदती मागितल्या जातात. तरी ओझे कोणाच्या खांद्यावर असावे हे त्याने बरोबर ओळखले. 2020 साली संशोधकांनी वेगवेगळ्या देशांच्या याद्या जुळवल्या तेव्हा जगभर नोंदलेली रसायने आणि त्यांची मिश्रणे साडेतीन लाखांवर निघाली. त्यांतल्या हजारोंची नावे व्यापारी गुपित म्हणून उघड केलेली नव्हती.

मात्रेबद्दल आणखी थोडे. संप्रेरकांच्या बाबतीत शरीर स्वतःच अतिशय थोड्या प्रमाणांवर चालते, म्हणून तिथे मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची. वर ज्या डॉड्स यांचे नाव आले, त्यांनीच 1938 साली डीईएस नावाचे कृत्रिम संप्रेरक तयार केले. गर्भ टिकावा म्हणून ते डॉक्टरांनी अनेक गर्भवतींना दिले. आयांना काही झालेले दिसत नव्हते. 1971 साली बोस्टनच्या डॉक्टरांना पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींत योनीमार्गाचा अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला, आणि शोध घेतला तेव्हा धागा त्यांच्या आयांच्या गोळ्यांपाशी गेला. औषध आईने घेतले होते, आजार वीस वर्षांनी लेकीला झाला. अशा रसायनाचा अपाय आठवडाभराच्या चाचणीत कसा दिसावा?

शिवाय तुमच्या मर्यादा एकेका रसायनाच्या. माणूस कधी एकाच रसायनात राहतो का? सकाळी तोंड धुण्यापासून रात्री डासांची कॉइल लावण्यापर्यंत त्याच्या अंगावर किती येतात! 2002 साली लंडनच्या संशोधकांनी संप्रेरकासारखी वागणारी आठ रसायने घेतली. प्रत्येक इतके थोडे, की एकट्याने काहीच परिणाम दिसू नये. आठही एकत्र केली तेव्हा परिणाम ठळक दिसला. आमच्या मावशींनी हेच दोन बाटल्यांत अनुभवले, फक्त त्यांना मिनिटभरात कळले.

बिस्फेनॉलच्या मर्यादेचे पुढे काय झाले तेही नोंदवून ठेवते. 2023 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची सुसह्य मात्रा आधीच्यापेक्षा 20,000 पटींनी खाली आणली. जर्मनीच्या संस्थेला तो आकडा मान्य नव्हता. त्यांनी स्वतःचा काढला, तोही जुन्या आकड्याच्या विसाव्या हिश्शाएवढाच. तज्ज्ञांत मतभेद असणारच, त्याची मला तक्रार नाही. पण वादाचा निकाल लागेपर्यंत ते रसायन कोणाच्या पोटात राहावे, हा प्रश्न तज्ज्ञांचा नाही. तो तुमचा आहे.

आणि घर काही मोरीशी संपत नाही. जे ओततो ते कुठेतरी जातेच. स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवलेले होते. ते तपासले तेव्हा 1972 ते 1997 या काळात एका जातीच्या अग्निरोधक रसायनाचे प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलेले दिसले. सोफ्यातून आणि टीव्हीच्या डब्यातून निघालेले रसायन दुधात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पहिला जोराचा पाऊस पडला की अंडी घालायला नदीत आलेले कोहो सामन मासे काही तासांत तडफडून मरत. कितीतरी वर्षे कोणाला उलगडा होत नव्हता. 2020 साली उत्तर मिळाले: गाडीचे टायर तडकू नयेत म्हणून रबरात घातलेल्या रसायनाची हवेतल्या ओझोनशी क्रिया होते, आणि त्यातून बनलेला पदार्थ पावसाच्या पाण्यासोबत रस्त्यावरून नदीत वाहून येतो. टायर बनवणाऱ्याने हे ठरवून केले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते की, हे झिजल्यावर पुढे काय होते?

घरी काय करावे हे मला लोक विचारतात. मी सांगते: खिडक्या उघड्या ठेवा, ओल्या फडक्याने धूळ पुसा, दोन क्लीनर कधी एकत्र करू नका, साधा साबण पुरतो. साबणाचे तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच 2016 साली सांगितले, आणि ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशके हात-अंग धुण्याच्या साबणांतून काढायला लावली, कारण ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत असे उत्पादकांना दाखवता आले नाही. पण एवढे सांगून माझेच समाधान होत नाही. गृहिणीने, सफाई कामगाराने, नव्याने आई झालेल्या पोरीने घरी येणाऱ्या प्रत्येक वस्तूची रसायनशास्त्रात परीक्षा घ्यायची, आणि चुकली तर 'सूचना वाचल्या नाहीत' असा शेरा तिच्याच नावावर? सुगंध या एका शब्दाआड डझनावारी पदार्थ लपतात, त्यांत संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी थॅलेट नावाची रसायनेही असू शकतात. छापलेलेच नसेल तर ती वाचणार काय?

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीला जो न्याय, तोच घरातल्या बाटलीला लावा. आत जे आहे ते सगळे बाहेर लिहिलेले असू द्या, सुगंधातले घटकसुद्धा, आणि व्यापारी गुपित ही सबब माणसाच्या फुप्फुसापुढे चालू देऊ नका. धोक्याचे चिन्ह पुढच्या बाजूला, फुलाच्या चित्राएवढे तरी मोठे असावे. सूचना त्या भाषेत असाव्यात जी ती वस्तू वापरणारे बोलतात. नवे रसायन बाजारात येण्याआधी ते बनवणाऱ्याने त्याची निर्धोकता दाखवावी, आणि ती तपासणी सर्वांना वाचता यावी. एका कुळातले एक रसायन घातक निघाले तर त्याच्या भावंडांना आपोआप मोकळीक नको. आपण वेगळे आहोत हे त्यांनी आधी सिद्ध करावे. मर्यादा ठरवताना समोर धडधाकट प्रौढ माणूस न धरता रांगते मूल, गर्भवती आणि रोज आठ तास फरशी घासणारी बाई धरा. यातले काही करायला खर्च येतो हे मला कळते. तो आत्ताही येतोच आहे, फक्त तो मावशींच्या छातीतून वसूल होतो.

मावशी पुन्हा कामावर येतात. त्या प्रसंगानंतर सफाईच्या कपाटातल्या प्रत्येक बाटलीवर मी लाल मार्करने लिहिते: 'यात ॲसिड आहे', 'यात ब्लीच आहे', 'एकत्र नको'. अंगठ्याएवढी अक्षरे, मावशींना वाचता येईल अशी. ओल्या हातांनी पंधरा दिवसांत ती पुसट होतात, मग मी पुन्हा लिहिते. गेल्या महिन्यात पुरवठादाराने नेहमीची सोडून दुसरीच बाटली पाठवली. तिच्यावर घटकांचे नाव नव्हते. मी आम्ल ओळखायची पीएचची पट्टी बुडवून पाहिली, लालभडक झाली, म्हणून 'ॲसिड' लिहिले. कोणते, किती तीव्र, सोबत आणखी काय, हे मला शोधता आले नाही. आमच्या नियमाप्रमाणे ती बाटली मी उघडायलाच नको होती. मावशींना मात्र ती दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता उघडायची होती.

उत्तराची वाट पाहते. कळावे.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा सहायक